चाळीस मिनिटांचं त्रैराशिक

दिवसा मी कुपिश्किसच्या डेअरीत दूध तपासते.
टँकर येतो, मी पळीभर काढते,
पळी सांगते फॅट किती, पाणी किती,
आणि शेतकऱ्याचे पैसे त्या पळीवर ठरतात.
संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये, टेबलाच्या डाव्या टोकाला,
क्लबची आकडेवारी लिहिते.
दोन्हीकडे बोटं गारठतात.

तौतविदास, क्रमांक चौदा,
बाकावर शेवटून दुसरा.
उंची दोन मीटर तीन, गुडघ्याला जुना पट्टा,
जाकीट काढायची सवयच मोडलेली.
नोव्हेंबरपासून त्याला मिळालेली मिनिटं
मी एका ओळीत मांडली:
दोन, एक, शून्य, चार, अर्धं, शून्य...
मार्चपर्यंत बेरीज अडतीस.
अख्खा हिवाळा मिळून एक सामना भरत नाही.

पण त्या अडतिसात सत्तावीस गुण, सोळा रिबाउंड.
मी त्रैराशिक मांडलं, सहावीतलं:
अडतीस मिनिटांना इतके, तर चाळिसांना किती?
अठ्ठावीस. सतरा.
लीगमध्ये असा कोणी नाही.
मी खोडून पुन्हा केलं, तेच आलं.

कागद रिमगौदासपुढे ठेवला.
त्याने चष्मा कपाळावर ढकलला
आणि बोट खालच्या ओळीवर टेकवलं.
फाऊल: नऊ.
"तुझ्याच हिशेबाने," तो म्हणाला,
"हा एकविसाव्या मिनिटाला पाच फाऊल करून बाहेर जातो.
उरलेली एकोणीस मिनिटं तुझे गुण कोण करणार?"

शितावरून भाताची परीक्षा, मान्य.
पण डेअरीत पहिल्याच दिवशी शिकवतात,
पळी बुडवण्याआधी टँकर ढवळायचा.
नाही ढवळला तर वर मलई, खाली पाणचट,
आणि पळी खोटं न बोलता फसवते.
तौतविदासची सगळी मिनिटं तळाची.
वीस गुणांनी हरलेल्या सामन्यांची शेवटची,
समोरच्यांचीही बाकावरची पोरं मैदानात
आणि प्रेक्षक आपापले कोट शोधताहेत.

माझा भाऊ विकिंतास नॉर्वेत मासे सोलतो.
नाताळात नऊ दिवस येतो.
नऊ दिवसांत लाकडं फोडतो, नळ दुरुस्त करतो,
आईला इतकं हसवतो की ती खुर्चीचा हात धरते.
तो गेल्यावर आई चाळीसने गुणत बसते:
हा इथे असता तर.
ढवळण्याबद्दल
मी तिला काही सांगितलेलं नाही.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी एक उंच तापाने आडवा,
दुसऱ्याचा घोटा सुजलेला.
रिमगौदासने बाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
जणू पोरगं मीच वाढवलेलं.
पहिल्या दहा मिनिटांत शिटी वाजली की
तौतविदास मान वळवून बघायचा,
आपल्याला बोलावतायत का.
दोनदा तर आपणहून बाकाकडे चालू लागला.
कधीतरी अठराव्या मिनिटानंतर
त्याने बघणं सोडलं.
हा क्षण कुठल्या रकान्यात जातो, माहीत नाही.
मी समासात एक टिंब दिलं.

शेवटी गुण अकरा, रिबाउंड दहा.
फाऊल फक्त तीन,
दमलेला माणूस धक्का द्यायलाही वेळेवर पोचत नाही.
तीन गुणांनी हरलो.
चाळिसाला तेरा; माझा राक्षस निम्म्याहून खाली उतरला.
रिमगौदास जाताना काही बोलला नाही,
ते बरं की वाईट, तेही कळलं नाही.

हॉलचे दिवे एकेक करून मालवत होते.
तो टेबलाशी आला, घाम अजून हनुवटीवरून टपकत,
आणि विचारलं, "किती?"
मी म्हटलं, "अकरा."
"नाही," तो म्हणाला, "मिनिटं."
"तेहेतीस. आणि बावीस सेकंद."
त्याने ते सेकंद ओठातल्या ओठात पुन्हा म्हटले.
मग जाकीट घातलं, चेन लावायला गेला.
बोटं थरथरत होती, चेन लागेना.
मी वही मिटली आणि थांबले.